न पाहिलेलं युद्ध आणि आपली कविता

परभणी जिल्ह्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. ते तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात कामाला आहेत आणि गाझा, युक्रेन, शेतकरी आत्महत्या, दुष्काळ, अतिवृष्टी अशा विषयांवर कविता लिहितात. कविसंमेलनात टाळ्या पडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे येतात, पण अंकाकडं पाठवलेली कविता परत येते. एका संपादकांनी कळवलं, "भावना प्रामाणिक आहे, कविता अजून झालेली नाही." भाऊ विचारतात: जे युद्ध मी डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर लिहायचा मला अधिकार आहे का? माझ्या कवितेत नेमकं काय कमी पडतं? आणि एवढं लिहून उपयोग तरी काय? सोबत त्यांनी चार ओळी दिल्यात:

युद्धाच्या ज्वाळा भडकल्या चोहीकडे,
माणुसकीच्या रक्ताचे सांडले सडे,
गाझाच्या लेकरा, पूस अश्रू तुझे,
हृदय माझे आज धाय मोकलून रडे.

मी अंबाजोगाईला बरीच वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे, पण एका छोट्या अंकासाठी येणाऱ्या कवितांची पहिली चाळणी अजून माझ्याकडंच असते. त्यामुळं परत पाठवणाऱ्यांच्या बाजूनं सांगते. थोडं लांबेल.

भाऊ, तुमचा अडथळा अधिकाराचा नाही. तुमची कविता कुठून बोलते आहे ते तिच्यात दिसत नाही, अडचण तिथं आहे. या चार ओळी परभणीतून लिहिल्यात की पुण्यातून, 2024 साली की 1971 साली, खताच्या दुकानात की एसी कार्यालयात, काहीच कळत नाही. 'गाझा' काढून तिथं दुसऱ्या कुठल्याही जळत्या शहराचं नाव टाका, कवितेला धक्काही लागत नाही. जी कविता कुठल्याही युद्धाला चालते ती कुणाच्याच युद्धाची नसते. संपादकांना हेच म्हणायचं असावं. वेळ नसतो, म्हणून ते एका वाक्यात उरकतात.

आता ओळींकडं जवळून बघू. पहिल्या दोन ओळी अशा आहेत की लिहायला बसलं की हाताला त्याच लागतात. ज्वाळा, रक्त, सडे, अश्रू, माणुसकी. हे शब्द वाईट नाहीत, पण इतक्या हातांतून गेलेत की त्यांना आता धार राहिली नाही. मला जास्त खटकतात त्या पुढच्या दोन. घर पडलेल्या पोराला आपण परभणीत बसून सांगतोय की बाबा, डोळे पूस. हे सांगणारे आपण कोण? आणि त्याच्या लगेच पुढच्या ओळीत कविता त्या पोराला सोडून तुमच्या हृदयाकडं येते आणि तिथंच संपते. म्हणजे पोरगं आलं, एका ओळीत रडलं, गेलं. शेवटी कॅमेरा कवीच्या चेहऱ्यावर. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण ओळींचा क्रम तसंच सांगतो, आणि वाचकापुढं फक्त ओळी असतात, तुमचं मन नसतं.

गंमत म्हणजे खरी कविता तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंत: "दुकानात बसल्या बसल्या मोबाईलवर त्या बातम्या बघतो, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, मग मोबाईल पालथा ठेवून पावती फाडतो." हे वाचून मी थांबले. पालथा का ठेवला? बंद का नाही केला? गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून, की आपल्याला दिसू नये म्हणून? त्या एका हालचालीत तुमची लाज आहे, कामाची घाई आहे, आणि ते पोरगं काउंटरवर तोंड खाली करून पडलेलं आहे. हे फक्त तुम्हालाच लिहिता येतं, मला नाही. मी कधी खताच्या दुकानात बसले नाही.

मी वर्गात मुलांना करायला लावायचे तसा कच्चा खर्डा करून दाखवते. हा तुमच्यासाठी नमुना आहे, घेऊ नका, मोडून टाका:

मोबाईल पालथा ठेवला
आणि पावती फाडली.
डीएपीची एक गोणी, नाव, गाव, आधार.
तो म्हणाला, तेवढं लिंकिंग नका लावू.
मी म्हणालो, आमच्या हातात काही नाही,
वरूनच येतंय.

शेवटची ओळ तुमच्या दुकानात रोज बोलली जात असणार. तिच्यापुढं एक शब्दही घालू नका. 'गाझा' हा शब्द हवा असेल तर शीर्षकात टाका, नसेल तर तोही नको. डीएपी खतासोबत नको असलेलं दुसरं काहीतरी गळ्यात मारतात आणि शेतकरी त्यावरून भांडतो, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या वाचकाला 'लिंकिंग' कळणार नाही कदाचित. नाही कळलं तर विचारील.

तुम्ही म्हणाल, मॅडम, पण युद्ध कुठं आहे यात? आहे. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचं काय झालं ते आठवा. आपल्या देशात येणारं बहुतेक सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेनमधून यायचं. पोटॅशचा मोठा वाटा रशिया आणि बेलारूसकडून. त्या खरिपाला तुमच्याच दुकानापुढं खतासाठी माणसं उभी असतील. युद्ध पाहिलं नाही म्हणता, पण त्याची पावती तुम्ही स्वतःच्या हातानं फाडलीय. हे मी एकदा अभंगात बसवून पाहिलं होतं:

विचारला आज तेलाचा मी भाव
दूर एक गाव जळालेले

यापुढं काही सुचलं नाही, म्हणून तेवढंच राहिलं. पण इथं जुना छंद किती कामाला येतो बघा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. 'भाव' म्हटलं की 'गाव' यावंच लागतं आणि मग दुकान आणि ते जळालेलं गाव शेजारी बसतात, मधे 'जणू' आणि 'जसे' असली मध्यस्थी लागत नाही. शेवटचा चरण तोकडा असतो म्हणून श्वास तुटतो. नवी मुलं समजतात, अभंग म्हणजे भक्ती. आपल्या भागातल्या सगळ्यात जुन्या चालत्या छंदांपैकी हा एक आहे. नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई आपल्याच रानातली माणसं. त्यात तेलाचा भाव बसतो, खताची गोणीही बसते. मुक्तछंद लिहा, जरूर लिहा, पण छंद येत नाही म्हणून मुक्तछंद नको.

आता अधिकाराबद्दल. इथं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, सरळ हो-नाही मी देणार नाही. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन पहिल्या महायुद्धात खंदकात होता, 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला, युद्ध संपायला आठवडा उरला होता. त्याला चिखल, वायू, खोकला यांबद्दल जे माहीत होतं ते दुसऱ्या कुणाला उसनं घेता येत नाही. दुसरीकडं पोलंडच्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का, 1996 चं नोबेल मिळालेल्या. त्यांची एक कविता युद्ध संपल्यानंतर सुरू होते: आता कुणीतरी झाडलोट करायला हवी, रस्त्यातला राडारोडा बाजूला सारायला हवा म्हणजे गाड्या जातील. बंदूक कुठंच चालत नाही, आणि कॅमेरे तोवर दुसऱ्या युद्धाकडं निघून गेलेले असतात. आणि आपले मर्ढेकर? ते काही आघाडीवर गेले नव्हते, रेडिओत नोकरीला होते. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली तेव्हा, 1947 साली, 'काही कविता' या त्यांच्या संग्रहात पिंपातले मेलेले उंदीर आले. लाखो माणसं मेल्याचा तिथं उल्लेखही नाही. तरी त्या काळाचं मरण मराठीत कुठं सापडतं म्हटलं तर माझं बोट तिकडंच जातं.

तिघांच्याही जागा वेगळ्या आहेत, पण कुणीही दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिलेलं नाही. दुरून लिहायला हरकत नाही. दुरून लिहिताना जवळ असल्याचा आव आणायला हरकत आहे.

गाझात रिफात अलारीर नावाचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. 6 डिसेंबर 2023 ला हवाई हल्ल्यात गेले. आपण मेलोच तर आपल्या मागं एक पतंग उडवा, एखाद्या मुलाला तो आभाळात दिसावा, अशा आशयाची त्यांची कविता जगभर भाषांतरित झाली. आता आपल्याकडं येणाऱ्या गाझावरच्या प्रत्येक दुसऱ्या कवितेत पतंग असतो. तो पतंग त्यांचा आहे. आपण संक्रांतीला जो उडवतो त्यावर लिहा की.

हीच गोष्ट घराजवळच्या अन्यायाबद्दल जास्त कडकपणानं लागू होते, कारण तिथं दूर असल्याची सबबही नसते. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या आगीवर आजही कविता येतात, आणि यायलाच हव्यात. पण मी पहिल्यांदा हे बघते की कवी गावाच्या कुठल्या बाजूच्या घरातून बोलतोय. ज्याचं घर वस्तीत होतं त्यानं 'आम्ही जळालो' म्हटलं की तो पुरावा असतो. वरच्या आळीतल्या घरात वाढलेल्या कवीनं, किंवा माझ्यासारखीनं, तेच वाक्य लिहिलं तर ती चोरी आहे, भले डोळ्यांत पाणी असेल. त्या घरातल्या माणसाला खरं लिहायचं असेल तर दुसरी ओळ आहे: त्या रात्री आमच्या घरानं दाराला आतून कडी लावली होती. ही ओळ लिहायला जास्त धाडस लागतं, आणि ती फारसं कुणी लिहीत नाही. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, त्यातून एक अख्खी पिढी स्वतःच्या तोंडानं बोलायला लागली. त्यानंतर दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची मुभा कुणाला राहिलेली नाही असं मी मानते. याबाबत माझं मत टोकाचं आहे असं काही मित्र म्हणतात. असू दे.

युद्ध लांबच शोधायचं असंही नाही. दर 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या कविता येतात: हुतात्मे, रणशिंग, निजामाची सत्ता, तिरंगा. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते, त्यावर लिहायलाच हवं. पण 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची भारतीय सैन्याची हैदराबाद संस्थानावरची ती पाच दिवसांची कारवाई, जिला आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात, तिच्यानंतरच्या आठवड्यांबद्दल कविता बोलत नाही. त्या आठवड्यांत काय झालं ते पाहायला पंडित सुंदरलाल समितीला सरकारनंच पाठवलं होतं. तिनं मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार इतका दिला, मरणारे बहुतेक मुसलमान होते आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक दशकं प्रसिद्धच झाला नाही. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीला टेकलीत. तुमच्या गावात असतील तर त्यांच्यापाशी बसा, दोन्ही मोहल्ल्यांतल्या. रेकॉर्डिंग लगेच लावू नका, आधी चहा होऊ द्या. कोण कुणाच्या बळदात, धान्याच्या कोठारात लपलं, कुणाची म्हैस कुणी सांभाळली आणि नंतर परत केली नाही, असले तपशील निघतात. युद्धाची कविता तिथं आहे, आणि ती लिहिणारं मला अजून फारसं कुणी भेटलेलं नाही.

आत्महत्येच्या कवितांबद्दल मला जरा कठोर बोलायचं आहे. दिवाळी अंकाच्या गठ्ठ्यात या कविता ढिगानं असतात आणि बहुतेकींत तोच दोर, तेच झाड, तोच बाप. एक तर हे आता कुणाला दिसत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही ती कविता कुठं वाचता? गावात, मंडपात, समोर कर्ज असलेली माणसं बसलेली असतात. त्या माणसाला ते मरण भव्य दिसता कामा नये, सुटका वाटता कामा नये. म्हणून कसं गेला ते लिहूच नका. नंतर काय होतं ते लिहा. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, असा कितीतरी वर्षं नियम चालत आला. त्यासाठी बाई सातबारा, बँकेचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढते आणि मग जिल्ह्याची समिती बसून ठरवते की प्रकरण पात्र की अपात्र. सोबतचं लहान पोरगं कागदांच्या पिशवीशी खेळत असतं. हे सगळं तुम्ही पाहिलेलं असेल, त्या बायका बियाण्याची उधारी फेडायला तुमच्याच दुकानात येत असतील. त्यात आक्रोश घालायची गरज नाही, कागदांची यादीसुद्धा पुरते.

ऊसतोडीवर लिहिणाऱ्यांनाही माझं हेच असतं. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फडाच्या कडेला कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, एक दिवस गेलं नाही तर खाडा आणि त्याचा दंड. पाळीच्या त्रासात खाडे पडू नयेत म्हणून बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यावरून 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. आमच्या एका शिबिरात टोळीवर आईबापांसोबत जाणाऱ्या मुलीनं कविता लिहिली. तिच्यात शोषण, व्यवस्था असला शब्द नव्हता. तिनं फक्त आईचा दिवस लिहिला: पहाटे तीनला उठून भाकरी, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत, फळी चढताना मागच्या बाईला दिलेली हाक, संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले सुटे पैसे पदराच्या गाठीत. मधे एक ओळ होती: 'दवाखान्यातून आल्यापासून आईचा खाडा पडत नाही.' शिबिरात कुणी टाळी वाजवली नाही. बराच वेळ कुणी बोललंच नाही, मग चहा आला. त्या मुलीला मी एकच सूचना केली, शेवटच्या दोन ओळी काढ. तिथं तिनं 'सलाम तुझ्या जिद्दीला' लिहिलं होतं.

जिद्दीच्या या कौतुकाबद्दल सांगायलाच हवं, कारण 'मानवी मनाची उभारी' हा विषय स्पर्धांना फार आवडतो. मला या कविता सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतात. बाई मोडून पडत नाही म्हणून तिला सलाम ठोकला की तिला मोडायला कोण निघालं होतं हे विचारायचं राहून जातं. उभारी दाखवायची तर ती कामात दाखवा. तिला मोठं नाव देऊ नका.

निसर्गाचं थोडक्यात. आपल्याकडं महानोरांनी रान मराठी कवितेत असं काही आणून ठेवलं की नंतरच्या तीन पिढ्या त्याच पावसात भिजताहेत. पण एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मराठवाड्यात पावसानं सोयाबीन तर नेलंच, खालची मातीही खरडून नेली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच शेतात दहा वर्षांच्या आत पाहिल्यात. त्याला 'ये रे ये रे पावसा' म्हणायला जीभ कशी वळेल? निसर्ग इथं कवितेमागचा देखावा राहिलेला नाही, तो पक्षकार आहे. किल्लारीचं उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जमीन हलली, पण माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या ओझ्याखाली. उन्हाळाभर ज्या माळवदानं घर थंड ठेवलं, तेच अंगावर आलं. 'निसर्गाचा कोप' लिहिलं की हे सगळं झाकलं जातं. माळवद लिहिलं की उघडं पडतं. तुमच्या जिंतूर बाजूला पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. त्याच्या पाण्यात किती टक्के साठा ही बातमी तुम्ही रोज वाचत असाल, कारण त्यावर तुमच्या दुकानाची रब्बीची मागणी ठरते. या आकड्याकडं बघणारा दुकानदार मराठी निसर्गकवितेत मी अजून वाचलेला नाही.

टाळ्यांबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ती खंत आहे. घोषणा म्हणजे हलकं काम असं मी मुळीच मानत नाही. नामांतराच्या मोर्च्यात म्हटलेली गाणी, जलसे, शाहिरी यांना चालतं गाणं हवं होतं, पायाला ठेका हवा होता, ओळ एकदा ऐकून मागं म्हणता यायला हवी होती. तिथं बारीक तपशील पोचत नाही. तुम्हाला मोर्च्यासाठी लिहायचं असेल तर घोषणा लिहा, आणि चांगली लिहा, यमक पक्कं आणि शब्द तोंडात बसणारे. पण तीच गोष्ट कागदावर पाठवाल तर परत येईल, कारण कागद वाचणारा एकटा असतो, त्याला ठेका नसतो, तो मागं जाऊन पुन्हा वाचतो. तुमच्या चार ओळी मंचावर चालतात त्या तुमच्या आवाजामुळं. आवाज पाकिटात घालता येत नाही. तेव्हा आधी ठरवा, ही कविता कानासाठी की डोळ्यासाठी. दोन्हीला चालणारी लिहिणारे आहेत, थोडे आहेत.

उपयोग काय, याचं उत्तर मी मोठं देणार नाही. कवितेनं युद्ध थांबल्याचं मला माहीत नाही. पण गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेब आहेत, भाऊ न आल्याचं दुःख आहे. छापून येईल म्हणून त्यांतली एकही रचली गेली नव्हती. दळण संपेपर्यंत म्हणायची, एवढाच हिशोब होता. आज त्या काळच्या खेड्यातल्या बाईच्या मनात काय होतं हे कळायला कुठलाही सरकारी कागद तेवढा उपयोगी पडत नाही. तुमचा 'लिंकिंग'वाला शेतकरी पन्नास वर्षांनी कुणाला हवा असेल तर तो बाजारभावाच्या तक्त्यात सापडायचा नाही.

आता काय करायचं ते. ही चार ओळींची कविता बाजूला ठेवा, फाडू नका. नवी कविता दुकानात सुरू करा, आणि पहिल्या खर्ड्यात 'माणुसकी', 'मानवता', 'रक्त', 'अश्रू', 'आक्रोश', 'हृदय' यांना बंदी. लिहून झाली की मोठ्यानं वाचा, कविसंमेलनाच्या आवाजात नको, गिऱ्हाइकाशी बोलता त्या आवाजात. जिथं आवाज आपोआप चढतो तिथं बहुधा उसनी ओळ असते. शेवटच्या दोन ओळी झाकून बघा. कविता तेवढ्यावर उभी राहत असेल तर त्या काढा. क्रियापदं तपासा: तुमच्या जुन्या ओळींत भडकल्या, सांडले, रडे, सगळं आपोआप घडतंय, कुणी काही करत नाही. 'ठेवला', 'फाडली', 'मोजले' यांत माणूस दिसतो. कुठल्या तारखेला, कुठल्या शहरात काय झालं असा तपशील घालत असाल तर दोन ठिकाणी पडताळा, कारण फॉरवर्ड आलेल्या व्हिडिओवर कविता लिहून नंतर तो दुसऱ्याच देशाचा निघाल्याची उदाहरणं माझ्या गठ्ठ्यात आहेत. मग महिनाभर विसरा.

पाठवताना एवढं सांभाळा. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, तेव्हा जूनच्या आत पाठवा, नवरात्रात नको. एका वेळी तीन-चार कविता, डझनभर नाहीत. युनिकोडमध्ये टाईप करून, ईमेलमध्ये किंवा फाईलमध्ये. गुलाबाच्या चित्रावर लिहिलेली कविता फोटो करून पाठवू नका, आम्हाला ती पुन्हा टाईप करावी लागते आणि तिथंच निम्मा उत्साह जातो. खाली नाव, पत्ता, फोन. परिचयात पुरस्कारांची यादी नको, कृषी सेवा केंद्रात काम करतो एवढं लिहा. एकच कविता एकाच वेळी पाच अंकांना पाठवू नका. दोघांनी छापली तर दोघंही रागावतात. आणि खताच्या दुकानावरची कविता झाली तर इथंच खाली टाका, मी वाचेन. ती चांगली नसेल तर तेही सांगेन.